पोत्यामागे दोन शेर

भिकनचा जगात कुणावर विश्वास म्हणून नव्हता. पंपावर पेट्रोल घेतलं की टाकीत जवारीच्या धांड्याचं ताट बुडवून किती ओलं झालं ते बघायचा, आणि ताट बरोबर निघालं तर ताटावर संशय घ्यायचा. बाप बैलगाडीवर मालाची ने-आण करत म्हातारा झाला. भिकनने बासष्ट साली बैलजोडी विकली, बायकोच्या पायातले तोडे विकले आणि नंदुरबारात एक जुना तीनचाकी टेम्पो घेतला. मालक तोच, ड्रायव्हर तोच, धुणारा-पुसणाराही तोच. तापीकाठच्या गुजरांच्या गावातून केळी, कापूस भरायचा आणि नंदुरबारच्या बाजारात नाहीतर खांडबाऱ्याच्या स्टेशनावर उतरवायचा. मालासोबत मालक येत नसे. भिकनच्या हवाली करून तो शेतात जाई. धंदा चालत होता तो एवढ्याच गोष्टीवर.

चौसष्ट साली त्या गावच्या प्रेमचंदभाईने कापूस सोडून पहिल्यांदाच मिरची लावली. वाळवली, बारा पोती भरली, अंगणातल्या काट्यावर तोलली आणि टेम्पोत टाकली. दुपारी बाजारात लिलाव होऊन माप झालं तेव्हा पोत्यामागे दोन शेर कमी. प्रेमचंदभाई गप्प राहिला. दुसऱ्या खेपेला पुन्हा दोन शेर. मग तो गप्प राहिला नाही.

"भिकन, मन्ह्या मिरच्या तू कथा उतारस रे?"

"बाजारमा उतारस, भाई. दुसरी कथा उतारसू?"

"मंग काटा खोटं बोलस का?"

"तुन्हा काटा बोलत व्हई. मन्हाजोडे काटा नही."

हे उत्तर प्रेमचंदभाईच्या वर्मी लागलं. चार माणसं उभी होती, त्यांच्यादेखत तो म्हणाला, "पुढली खेपले मी स्वतः पोतासवर बसी येसू. तूट उनी ते गावमाईन केयाना एक घड तुन्हा गाडीमा पडाव नही."

गाव फिरलं तर भिकनला टेम्पो विकावा लागणार होता, आणि बैल तर आधीच विकले होते. ज्यांच्या बैलगाड्या दोन वर्षं रिकाम्या उभ्या होत्या ते गाडीवान त्या दिवशी कारण नसताना बैलांची शिंगं रंगवत बसले.

घरी बायकोने, शांतीबाईने, भाकरी टाकता टाकता म्हटलं, "त्या नवलले इचार ना. माल उतारस तो तोच ना?"

नवल हा बाजारातला हमाल. भिकनच्या लहानपणापासूनचा सोबती, दोघं एकाच बशीत चहा ओतून पिणारे. भिकनच्या डोक्यात ते आधीच वळवळत होतं. बायको बोलली आणि त्याला पाय फुटले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याने नवलला आडोशाला घेऊन विचारलं.

नवलने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भिक्या, दोन शेर मिरच्या मी धोतरमा लपाडू? मंग बठसू कसा?"

पलीकडे बसलेले हमाल ऐकून खदखदून हसले. नवल हसला नाही. उरलेला चहा त्याने जमिनीवर ओतला आणि गेला.

तिसऱ्या खेपेला भिकनने आधी प्रेमचंदभाईच्या काट्याची वजनं उलटीपालटी करून बघितली. प्रेमचंदभाईने टेम्पोच्या फळ्या ठोकून बघितल्या. पोत्यांची तोंडं प्रेमचंदभाईच्या बायकोने स्वतः दाभणाने शिवली. मग भाई पोत्यांवर चढून मांडी घालून बसला. भिकन पुढे, पण मागच्या भोकातून दर फर्लांगाला बघायचा. भाई वाटेत पोतं उसवून मूठ मूठ फेकील आणि आपल्याला बुडवील, असं त्याला वाटत होतं. भाई भिकनच्या टाळूकडे बघत होता. वाटेत ओढा आला, पिंपळाची सावली आली, दोघांनाही लघवीला लागली होती. उतरला मात्र कुणी नाही. जो उतरेल तो चोर.

बाजारात पोचले तेव्हा ऊन चढलेलं. लिलावाला उशीर झाला. पोती तशीच टेम्पोत, भाई तसाच वर. दुपारी माप झालं. पोत्यामागे दोन शेर कमी.

"दखं का!" प्रेमचंदभाई ओरडला. "मी वर बठेल व्हतू तरी चोरं! कशी चोरं सांग!"

"तूच सांग! वर कोन व्हतं? मी का तू?"

भांडण ऐकून धनुबाई उठली. ही माल विकून देणाऱ्या अडत्याकडे मिरची निवडणारी म्हातारी. निवडून निवडून बोटं कायमची लाल झालेली.

"काय रे भाऊ, काबर भांडी ऱ्हायनात?"

दोघांनी एकदमच सांगितलं. तिने प्रेमचंदभाईला पाठमोरा व्हायला लावलं. त्याचं पांढरं धोतर मागून लालभडक आणि अजून दमट होतं.

"हाई काय शे?"

"घाम शे, माय."

"घाम लाल ऱ्हास का? सकायले मिरची भरी तव्हय पानी मारं का नही?"

"मारनं पडस. सुकेल मिरची भरी ते फुटस, डोयामा झोंबस. मजूर बायाच सांगतस पानी मारा म्हनीसन."

"आनि मारीसन लगेच तोलं?"

प्रेमचंदभाईने होय म्हणून मान हलवली.

"ते पानी सूर्यनारायणनी चोरं. जा, त्याले धर."

धनुबाईने एक पोतं उसवून भाईचा हात कोपरापर्यंत आत घातला. काठाची मिरची कडक होती, मधली गार आणि नरम. कापूसवाल्या गावाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. अडत्याला तिन्ही वेळा ठाऊक होतं, पण त्याला विचारलं कुणी?

भिकन नवलकडे गेला. तोंड उघडायच्या आत नवलने दोन्ही हात वर केले. "चाचप." भिकनने चाचपलं नाही. पण नजर एकदा कमरेवरून फिरलीच, आणि ती नवलने बघितली. तो चहा परत कधी एका बशीत आला नाही.

प्रेमचंदभाई म्हणाला, "गावमा सांगसू मी."

"कव्हय सांगशी? मन्हा समोर सांग."

भिकनने त्याला टेम्पोत घालून सरळ गावच्या पारापाशी नेला आणि इंजिन चालूच ठेवलं. भाई वर उभा राहून ओरडला, "मिरचीमा पानी व्हतं! भिकन चोट्टा नही!"

पारावरून एकाने विचारलं, "धमकाडं का रे भाई, यानी तुले?"

भाई खाली उतरून घराकडे चालू लागला. नाही म्हणाला असता तरी गावाने त्याचा वेगळाच अर्थ काढला असता.

दुसऱ्या दिवशी गावाने भिकनच्याच टेम्पोत केळी भरली. बैलगाडीत हिंदकळून घड काळे पडत, म्हणून. पण घडांवर एक माणूस राखणीला बसवून. वर्षभर तसंच चाललं, आज एकाचा भाऊ, उद्या दुसऱ्याचा मेहुणा. भिकनने कुणाला नाही म्हटलं नाही. फक्त चढ आला की टेम्पो थांबवायचा, राखणदाराला खाली उतरवायचा आणि मागून ढकलायला लावायचा. चढ नसला तरी.