तासगावची वाट आणि एलएल.एम.ची जागा

मी सांगलीत कायदा शिकवतो, हे आमच्या आष्ट्याच्या नातेवाइकांना अजून नीटसं पटलेलं नाही. वकिली जमली नाही म्हणून शिकवतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. एलएल.बी. झाल्यावर मी एलएल.एम.ला निघालो तेव्हा तर गल्लीत एकच अर्थ निघाला होता : परत कॉलेजात चाललाय, म्हणजे विषय राहिला असणार. त्या वेळी माझे सर एसटीने आमच्या घरी आले, चहा प्यायले आणि वडिलांची समजूत काढून गेले. घरातला पहिला पदवीधर मी. सर आले नसते तर पदवीवरच थांबलो असतो.

म्हणून गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीला पुण्यात एलएल.एम.ला जागा मिळाली आणि तिचे वडील पाठवेनात, तेव्हा मीही तासगावला गेलो. दुसऱ्या दिवशी प्रवेश पक्का केला नाही तर जागा जाणार होती.

द्राक्षबागेच्या छाटणीचे दिवस. वडील हातातली कात्री घेऊनच अंगणात आले आणि माझ्यासमोर बसले.

"सर, खरं सांगा. पोरीचा एखादा इषय ऱ्हायलाय का?"

ती प्रथम वर्गात पास झाल्याचं मी सांगितलं. मग आणखी कशाला, या प्रश्नावर संशोधन, अध्यापन असे शब्द वापरून पाहिले. ते मान हलवत होते, पण कात्री खाली ठेवत नव्हते. शेवटी त्यांनी माझीच परीक्षा घेतली. चुलतभावाने बागेकडे येणारी ट्रॅक्टरची वाट अडवली होती. कोर्टात गेलो तर आपण जिंकू का?

प्रश्न मला फार आवडला. वहिवाट किती जुनी, दुसरी वाट आहे का, वाट अडवायला चुलतभावाचं काही कारण असेल का, असं मी दोन्ही बाजूंनी समजावत गेलो. चहावर साय आली.

वडील मुलीकडे वळले. "एवढं शिकून सरांना व्हय का न्हाई सांगता येईना, आन् तुला ह्यांच्यासारखं व्हायचंय?"

मी जागा वाचवायला आलो होतो, आणि माझ्याच व्याख्यानाने ती चालली होती.

मुलगी कप उचलता उचलता म्हणाली, "आबा, काकांचं कारण काय, ते सरांनी इचारलं. तवा तुमी गप का बसला?"

वडील कात्रीकडे बघतच पुटपुटल्यासारखं म्हणाले, की आपल्या ट्रॅक्टरखाली त्याच्या ठिबकच्या नळ्या तुटतात. दोनदा सांगून गेला होता.

"मग नळ्या वाटेखालनं लोखंडी पाइपातनं घेऊ की," ती म्हणाली. "त्याला कोर्ट कशाला?"

त्यांनी कात्री खाली ठेवली.

"जा," ते म्हणाले. "पर सरांपेक्षा थोडक्यात बोलाय शीक."

दुसऱ्या दिवशी बाप-लेक पुण्याला जाऊन प्रवेश पक्का करून आले. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. तिथल्या मार्गदर्शकांना प्रबंध आवडलाय, फक्त प्रस्तावना फार लांबलीय म्हणतात.

मी तिला म्हटलं, हे आबांना सांगू नकोस.