अंजनाला लावलेलं नाव

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आणि माझी एक जुनी सहकारी शिक्षिका डोईफोडियाकडच्या एका उघड्या टेकडीवर जंगल परत आणायच्या कामाला लागलो. गावाने तिथली चराई थांबवली होती. रोपं, कुंपण आणि उन्हाळ्यातल्या टँकरसाठी वर्गणी आम्ही जमवायची होती. बुऱ्हाणपुरात लोक चहा पाजायचे, कौतुक करायचे आणि पुढच्या महिन्यात या म्हणायचे.

जसोंडीला केळीची बाग असलेल्या एका शेतकऱ्याकडे गेलो. साठीचा माणूस, घरात एकटा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि वर्गणी दिली. मग विचारलं, "बाई, एका झाडाले तिचं नाव लावता येईन का?"

ती म्हणजे त्याची बायको. करोनात दूरच्या दवाखान्यात गेली. त्याला आत सोडलं नव्हतं. परक्या लोकांनी तिला अग्नी दिला, अस्थीही हाती आल्या नाहीत. हे सगळं त्याने बाजारभाव सांगावा तशा आवाजात सांगितलं.

आम्ही तिच्या नावाची पत्र्याची पाटी करून अंजनाच्या रोपाशेजारी रोवली. ही गोष्ट पसरली आणि वर्गणीची अडचण संपली. जैनाबादहून, शहरातल्या गल्ल्यांतून लोक आपणहून येऊ लागले. कुणाची आई, कुणाची तान्ही मुलगी. वर्षभरात टेकडीवर पाट्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. वारा सुटला की पत्रे थरथरायचे आणि रोपं पाहायला गेलेली मी नकळत हळू बोलायची. माझी सहकारी तर तिन्हीसांजेच्या आधीच खाली उतरायची.

तो शेतकरी दर अमावस्येला यायचा. अंजनाजवळ बसून बागेतल्या, घरातल्या गोष्टी सांगायचा. मधेच थांबायचा, कुणी उत्तर देत असल्यासारखा.

दुसऱ्या फाल्गुनात टेकडी पेटली. मोहफुलं वेचायला कुणी मोहाखालचा पाला जाळला की विडीचं थोटूक पडलं, कधीच कळलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा राख अजून गरम होती. पाट्या वाकल्या होत्या, त्यांवरची नावं गेली होती. ज्यांनी वर्गणी दिली त्यांना सांगणं भाग होतं. एका बाईने फोन ठेवून दिला. मुलीच्या बापाने, तिला फार भाजलं असेल का, असं विचारलं.

जसोंडीला मी स्वतः गेले. तो केळीचे घड भरून देत होता. ऐकलं, हात धुतले, आणि मला घेऊन चला म्हणाला.

टेकडीवर त्याला जागा दाखवावी लागली नाही. काळ्या खुंटापाशी तो उकिडवा बसला.

"तवा मले अग्नी देता आला नाही," तो म्हणाला. "म्हनून तिनं इथं वाट पाहिली."

त्याने उपरण्याच्या टोकात तिथली राख बांधली. परतताना तापीवर थांबायला सांगितलं. पाण्यात उतरून त्याने ती सोडली आणि ओल्या कपड्यांनीच गाडीत बसला. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला रडताना पाहिलं. पुन्हा लागवडीसाठी त्याने वर्गणी दिली, पण नाव लावू नका, ती गेली, असं बजावलं.

अंजन वर सावकाश वाढतो, पण त्याची मुळं खोल उतरलेली असतात. आषाढात त्या खुंटाला बुडातून फुटवे आले. सांगावं की नाही, या विचारात माझे कितीतरी दिवस गेले. ज्याने इतक्या कष्टाने निरोप दिला, त्याच्या दारात ही बातमी कशी न्यायची? शेवटी गेले.

तो ओट्यावर बसला होता. ऐकून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"पानं कशी आहेत?"

"लालसर. कोवळी आहेत अजून."

त्याने मान हलवली आणि आत गेला. मी थांबले, पण तो बाहेर आला नाही.

त्यानंतर तो टेकडीवर कधी आला नाही. वर्गणी मात्र दर पावसाळ्याआधी पाठवतो. त्या झाडाला आता पाटी नाही. टँकर आला की कामावरच्या बाया बाकीच्या झाडांना बडबडत पाणी घालतात. अंजनापाशी आल्या की गप्प होतात. त्यांना मी काहीही सांगितलेलं नाही.