नावाला हात लावायचा नाही

एखाद्या ऑफिसात काही वर्षं काढली की पगार उडून जातो, किस्से मात्र साठत राहतात. आमचं ऑफिस आता नाही, वेबसाइटही नाही. तरी जुने लोक भेटलो की तेच किस्से निघतात. आधी खूप हसतो. मग कपातला चहा तसाच निवत राहतो.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यावर तिथल्या तेलीबांधा तलावाकडे नवी नवी ऑफिसं निघाली, त्यातलंच एक आमचं. व्हिडिओ गेम कसा डाउनलोड करायचा याच्या हिंदी सूचना दुसऱ्यांच्या वेबसाइटवरून उचलायच्या, शब्द बदलायचे आणि आपल्या वेबसाइटवर टाकायच्या, हे आमचं काम. मालक दुबे भैयांचा नियम एकच, "सब बदल दो, नाम को हाथ मत लगाना!" लोक गेमच्या नावानंच शोधतात, म्हणून नाव जसंच्या तसं. बाकी भाषेचं काय व्हायचं ते होवो!

* * *

माझ्या शेजारी रश्मी बसायची. रायपूरच्याच पुरानी बस्तीची पोरगी, हिंदीत एम.ए. एकदा "विंडो बंद करें" असं वाक्य आलं. तिनं लिहिलं, "झरोखा मूँद लीजिए."

भैयांनी कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर चालवलं. हिरवी खूण आली. "वाह! एकदम नया!"

मी हळूच म्हटलं, "पर समझेगा कौन?"

रश्मी म्हणाली, "समझाना थोड़ी है, दीदी! बदलना है!"

तिला प्रोफेसर व्हायचं होतं. एवढी चांगली भाषा तिनं झरोखे मिटण्यात घालवली, याचं मला आजही वाईट वाटतं.

* * *

त्या सॉफ्टवेअरचं भैयांना फारच कौतुक. एकदा रश्मीनं तापासाठी सुट्टीचा अर्ज दिला, तर त्यांनी तोही त्यात घातला! लाल खूण आली.

"ये तो पिछली बारवाला ही है! नया लिखो."

रश्मी शाल गुंडाळून उभी. म्हणाली, "भैया, बुखार भी तो वही है!"

* * *

मग आमच्यात ठोंबरे काका आले. मूळचे गोंदियाचे, रेल्वेतून रिटायर झालेले. काकू गेल्यावर घर खायला उठतं म्हणून नोकरीला लागले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "काहो, हा गेम कोणी खेळून पाह्यला काय?"

शेकडो गेमवर लिहीत होतो आम्ही, खेळला एकही नव्हता!

भैया केबिनमधून ओरडले, "काका, खेलना नहीं है, लिखना है!"

* * *

काकांना हे काम सुचलं कसं, ते मला डबा खाताना कळलं. त्यांचा मुलगा मंदार कॉलेजात असताना दिवसभर गेम खेळायचा. एका वर्षी नापास झाला. काकांनी त्याच दुपारी कॉम्प्युटर कबाडीवाल्याला देऊन टाकला. पोरगा क्लासहून आला, तर टेबल रिकामं.

"मी त्याले म्हटलं, तुह्या खेळाची किंमत पाहून घे. कबाडीवाल्यानं तोलून नेला. पोरानं बॅग भरली अन् पुण्याले निघून गेला. तिथंच गेमच्या कंपनीत लागला."

आईच्या दिवसांना तेवढा आला होता. तेराव्याला परत गेला, बापाशी एक शब्द न बोलता.

"तुम्ही फोन काहून नाही करत?" मी विचारलं.

"काय बोलू, पोरी? त्याच्या कामातलं मले काही समजतच नाही. म्हणून तं हे गेमचं शिकून राहिलो!"

आम्ही जे लिहीत होतो त्यातून कुणाला काही शिकता येईल, असं समजणारा तो एकच माणूस होता.

* * *

तेव्हापासून काका जेवताना फोनवर मेसेज लिहायचे आणि आम्हाला वाचून दाखवायचे. "मंदार, माझी चूक झाली." दुसऱ्या दिवशी, "मंदार, माझ्या हातून गैर घडलं." मग, "मंदार, मी तुझ्यावर अन्याय केला." आम्हीही उत्साहानं शब्द सुचवायचो. पाठवला मात्र एकही नाही.

रश्मीला मराठी थोडंफार कळायचं. एक दिवस ती बोलून गेली, "काका, बुरा मत मानना. ये सब अपने आर्टिकल जैसा लगता है. नाम वही, बाकी घुमाया हुआ."

काकांनी डबा बंद केला. भाजी तशीच राहिली.

* * *

आणि मग एका सकाळी काकांच्या वाट्याला 'तूफानगढ़' नावाचा गेम आला.

"हा मंदारचा गेम आहे!" काका म्हणाले. "दिवसभर हाच खेळत राहायचा."

त्यांनी सूचना नेहमीसारख्या बदलल्या. मग आमच्यापैकी कुणी कधीच केलं नव्हतं ते केलं. आपणच लिहिलेल्या सूचना वाचत गेम उतरवायला बसले! तासभर खटपट केली. कुठलीशी पेटी उघडा, कुठलासा झरोखा मिटा. काहीच होईना.

शेवटी त्यांनी फोन उचलला. या वेळी कुणालाच शब्द विचारला नाही. "मंदार, तूफानगढ़ कसा डाउनलोड करतात? मले जमून नाही राहिलं." आणि पाठवून दिला.

दुपारी मंदारचा मेसेज आला. काकांचा धीर होईना, फोन त्यांनी माझ्या हातात दिला. "तू वाच."

मी वाचलं, "बाबा, तो गेम कधीच बंद झाला. आता कुठंच मिळत नाही. दुसरा सांगतो. आधी कॉम्प्युटर चालू करा."

काका खुर्ची पुढे ओढून ताठ बसले.

"काका, तुमचा तर सकाळपासून चालूच आहे," मी म्हटलं.

"मंदारनं सांगितलं ना, आधी चालू करा!"

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. आणि मग चालू केला.