बोट लागली

परवा जर्मनीत, ड्रेस्डेनला मुलाबरोबर नदीतल्या जुन्या आगबोटीत बसले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली बोट, अजून वाफेवर चालते. तापलेल्या तेलाचा वास नाकात शिरला आणि मी थेट लहानपणच्या जयगडच्या बोटीवर जाऊन पोचले बघा.

गावची शाळा चौथीला संपायची. घरात सगळे नको म्हणत असताना आई मला मुंबईच्या शाळेत घालायला निघाली होती. डेकवर आंब्याच्या पेट्या, कोंबड्यांचे डालगे, आणि त्यांच्यात आम्ही. बोट डोलायला लागली तशी आई ओकून ओकून अर्धी झाली. शेजारची बाई म्हणाली, "बोट लागलीय गो तुला. दाभोळला उतर नि मागे फिर."

आईनं पदरानं तोंड पुसलं. "बोट लागली, तशी मुंबईपण लागेल."

तेव्हा मी खुदकन हसले होते. पण तिनं माझं मनगट असं आवळलेलं की बांगडी रुतली होती. तीही पहिल्यांदाच बोटीत बसली होती, हे आता ध्यानात येतं.

इतक्यात नदीच्या वळणावर आमची बोट डुलली आणि मी रुमाल तोंडाला लावला. मुलगा म्हणाला, "मग, उतरू या का आई, पुढच्या धक्क्याला?"

"लागू दे रे बोट," मी म्हटलं. "आपण शेवटपर्यंत जायचं."