फोनमधली बाई

रत्नाच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी शाळेत मुलांची चित्रं तपासत बसले होते. उचलल्या उचलल्या खेकसले, "बोलू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं? लिहून पाठव ना!" बोललं की तिला धाप लागायची, म्हणून माझी ही रोजची ओरड. पलीकडून तिच्या धाकट्या भावाचा, अशोकचा आवाज आला. "ताई, मी बोलून राह्यलो. आक्का गेली... सकाळीच." मी त्यावर "बरं" म्हणाले. बरं काय, कपाळ!

तुम्ही जालन्याचं बियाणं कधी घेतलं असेल, तर रत्नाचं काम तुमच्या घरात येऊन गेलं असण्याची शक्यता आहे. पाकिटावरचं चकचकीत वांगं, देठासकट लालभडक मिरची, यातलं बरंच काही तिनं टिपलेलं. पाकिटावर फोटो काढणाऱ्याचं नाव नसतं. आम्ही दोघी चित्रकला एकत्र शिकलो. मी शाळेत चिकटले, ती कॅमेरा घेऊन बियाणं कंपन्यांच्या प्लॉटवर हिंडत राहिली. एका वांग्यासाठी अख्खी सकाळ घालवायची, पांढरी चादर धरून त्याच्यावर ऊन वळवायची. मी चिडवायचे, "वांग्याला बघायला पाहुणे येणार आहेत का?" ती म्हणायची, "येतात की. दुकानात रोज येतात."

मग तिची फुप्फुसं कडक होत गेली. डॉक्टरांनी धुळीत जायला बंदी केली आणि घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. काम मात्र ती सोडेना. सुट्टीच्या दिवशी तिचा कॅमेरा घेऊन मी शहागडच्या बाजूच्या प्लॉटवर जायला लागले. कॅमेऱ्यात दिसणारं चित्र फोनवरून तिला घरी दिसायचं आणि तिचा आवाज माझ्या कानात. डाव्या-उजव्यावरून आमची जाम भांडणं व्हायची. डावं तिचं, माझं की मिरचीचं? प्लॉटच्या एका अंगाला गोदावरी, दुसऱ्या अंगाला हायवे, म्हणून शेवटी तिनंच तोडगा काढला. "जरा गोदावरीकडं सरक... आता हायवेकडं... अगं, बिलकुल थोडं म्हटलं, ट्रकखाली जाती का!" एवढं बोलून ती दमायची आणि कानात नुसता श्वास ऐकू यायचा. मला तो ऐकवत नसे.

तिला आम्ही सगळे दिसायचो, ती मात्र कुणाला दिसायची नाही. नेट कमजोर आहे म्हणून स्वतःचा व्हिडिओ ती कायम बंद ठेवायची. नेटला काही झालं नव्हतं. नाकातली नळी तिला कुणाला दाखवायची नव्हती. मी तिच्या घरी गेले तरी दार उघडायच्या आधी ती नळी काढून ठेवायची, आणि जरा वेळात ओठ निळे पडायला लागायचे. मग मीच काहीतरी कारण काढून निघायचे.

गेल्या हिवाळ्यात तिच्या डोक्यात एक खूळ शिरलं. बियाण्याच्या प्लॉटवर बाया दिवसभर वाकून एकेका फुलाला हातानं पराग लावतात. पाकिटातलं बी त्यांच्या बोटांतून आलेलं असतं. "इतकी वर्षं मिरचीला उजेड दिला," ती म्हणाली, "आता ह्या बायांना द्यायचाय. तसाच. कामाच्या कपड्यात." स्वतःसाठी म्हणून तिला एवढं एकच काम करायचं होतं. पण त्याला बोलणं लागणार होतं, म्हणजे श्वास लागणार होता. मी नको म्हणाले. "मंग शिल्लक ठेवून काय करू त्याचं?" तिनं विचारलं. मला रागच आला.

बाकीच्या बाया तयार झाल्या, गयाबाई अडल्या. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल, असल्या अवतारात फोटो नको म्हणाल्या. नवी साडी नेसून येते, असं त्यांचं म्हणणं. रत्नाला शर्टच हवा होता. मी दोघींचे निरोप इकडून तिकडे करून वैतागले. शेवटी गयाबाईंनी फोनच मागून घेतला.

"बाई, तुमी मला दिसत का न्हाई?"

"नेट..." रत्ना म्हणाली.

"नेट बराबर हाय. तुमाला धाप लागून राह्यली, बिमार हाय का?" गयाबाईंनी फोन तोंडाजवळ धरला. "हे बघा, तुमी हाय तशा दिसा. मंग मी बी हाय तशी उभी राहते."

आणि पडद्यावर रत्ना आली. विस्कटलेले केस, नाकात नळी. मीसुद्धा तिला तशी पहिल्यांदाच पाहत होते. "अंधारात बसल्या तुमी," गयाबाई म्हणाल्या. "खिडकीकडं सरका. आनखी. मान वर करा." आणि आयुष्यभर दुसऱ्यांना सरकवणारी रत्ना मुकाट्यानं सरकली. "मॅडम, काढा आता यांचा," गयाबाईंनी मला फर्मावलं. मी फोनच्या पडद्यावरच तो फोटो टिपला. त्यात रत्ना हसत नाही, पण लपतही नाही. तोवर ऊन उतरलं होतं. "माझा पुढच्या खेपेला," असं गयाबाईंनी कबूल केलं. त्या खेपेआधीच अशोकचा फोन आला.

आक्काच्या स्मरणाच्या, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी त्यानं फोटो मागितला, तेव्हा मी दोन दिले. एक आमच्या कॉलेजातला हसरा, आणि एक हा. दुसरा तो बघत राहिला. "आक्का असं कुणाला दिसू देत नव्हती," म्हणाला. मी म्हटलं, "दिलं. एकीला दिलं." हारामागे तोच लागला.

परवा मी प्लॉटवर गेले. रत्ना गेल्याचं गयाबाईंना कळलं होतं. त्यांनी शर्टाची बटणं लावली आणि मिरचीच्या ओळीत जाऊन उभ्या राहिल्या. एकीनं चादर धरली. ऊन छान होतं, चौकट जमली होती, कॅमेऱ्यावर माझं बोट होतं. पण ते दाबवेना. आजवर एकही फोटो मी आपल्या मनानं काढला नव्हता. कानात "हां, घे" आलं की काढायचा, एवढंच मला माहीत. चादर धरणारीचे हात भरून आले.

"मॅडम, कुणाची वाट बघून राह्यल्या?" गयाबाईंनी विचारलं.

"तिची," मी म्हणाले.

"मंग थांबू की," त्या म्हणाल्या, आणि मान वर करून तशाच उन्हात उभ्या राहिल्या. त्या थांबलेल्या असतानाच मी फोटो काढला.