प्रकाशाचा कल

डहाणूच्या खाडीत ओहोटीला ओला चिखल असा लखलखतो की डोळे दिपावेत! ध्रुवण करणाऱ्या, म्हणजे एकाच दिशेची कंपनं आत सोडणाऱ्या काचांचा काळा चष्मा लावला की ती झळाळी विझते, आणि मान खांद्यावर कलती केली की पुन्हा पेटते. प्रकाश तोच, प्रश्न फक्त त्याच्या कंपनांच्या कलाचा. जन्मभर भौतिकशास्त्र शिकवूनही मला याचं अप्रूप वाटतं, हसू नका.

हाच प्रकाश इंटरनेटच्या केसाएवढ्या काचेच्या तंतूतून रोज सकाळी माझ्या मसोलीच्या घरी तलासरीकडच्या उधवा गावातल्या ताईचा चेहरा घेऊन येई. निघताना त्याचा कल ठरलेला असतो. पण तार कुठे वाकते, कुठे मातीखाली दबते, उन्हात तापते, खांबांवर वाऱ्याने झुलते, आणि तो कल वाटेत नकळत फिरत जातो. तेज मात्र पोहोचतं. घरातलं यंत्र तेजच मोजतं. कलाचं त्याला सोयरसुतक नाही. मग मी तरी दुसरं काय मोजत होते?

भाचा वापीच्या कारखान्यात निघण्यापूर्वी फोन लावून ताईच्या हाती देई. ताई पडद्यातून माझ्याकडे बघे नि म्हणे, "किती गं वाळलीस! जेवतेस ना नीट?" मी विचारलं की तिचं ठरलेलं, "मी मजेत." आमच्या घरची रीतच ती; फोनवर दुखणं काढायचं नाही, लांबच्या माणसाच्या जिवाला घोर कशाला!

भातकापणी सरली, तसा तिचा आवाज थकलेला वाटू लागला. मला राहवेना. न कळवताच निघाले. कासा, तलासरी, भरल्या जीपमध्ये गुडघे आखडून. रस्त्याकडेची काळी तार खांबाखांबांवरून झुलत सोबत येत होती.

ताई ओट्यावर बसली होती. मी अगदी तिच्यासमोर उभी राहिले. फोनमधून बघे तशीच ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "कोण आलंय?"

तिची दृष्टी केव्हाच गेली होती, आणि मला कळू न देण्याची भाच्याला तिने शपथ घातली होती. मी बोलल्यावर तिने माझा हात धरला, मनगटापासून दंडापर्यंत चाचपला नि खुदकन हसली, "अगं बाई, तू तर चांगली जाड झालीयेस की!"

तिच्या बुबुळांवर ऊन त्या चिखलासारखं लखलखत होतं. माझे डोळे भरून आले, आणि मी घाईघाईने काळा चष्मा चढवला. कुणापासून लपवत होते मी?