मुठीची पावलं

देवावर रागावलेल्या बाईने देवाचा अनुभव लिहावा का, असा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक शांत असतात. मी शांत नाही. ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे त्या दिवशीही नव्हते, आणि आज तो आठवला तरी तळपायाची आग मस्तकाला जाते. पण त्या दिवशी मला जे मिळालं ते मी मागितलेलंसुद्धा नव्हतं. ते गप्प बसून गिळून टाकणं कृतघ्नपणाचं होईल, म्हणून लिहिते.

माझी मुलगी चिंगी ऐंशी सालच्या ज्येष्ठात जन्मली. नागपूर तव्यासारखं तापलं होतं. नर्सने तिला माझ्या कुशीत दिलं ते पायांवरून दुपटं घट्ट गुंडाळून, आणि लगेच तोंड फिरवलं. मी दुपटं सोडलं. दोन्ही पावलं घोट्यापासून आत वळलेली होती. तळवे एकमेकांकडे बघत होते आणि टाचा वर ओढल्या गेल्या होत्या. बाकी लेकरू ठणठणीत होतं, रडणं तर असं की सगळा वॉर्ड जागा व्हावा. मी ती पावलं हातात धरून कितीतरी वेळ बसले होते.

सासूबाईंना कारण शोधायला वेळ लागला नाही. त्याच वर्षी माघात मोठं सूर्यग्रहण लागलं होतं. मला तेव्हा पाचवा महिना होता. पोटुशी बाईने ग्रहणात काही चिरायचं नाही, हातपाय मुडपायचे नाहीत, सरळ निजून राहायचं, हे आमच्या नंदनवनच्या घरात कडक पाळतात. मीही पाळलं. खिडक्यांना चादरी लावून लाकडासारखी पडून राहिले. पण ग्रहण सुटायच्या थोडं आधी माझ्या पोटरीत गोळा आला. जीव कळवळला तेव्हा मी पाय पोटाशी ओढून चोळला, आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई दारात उभ्या होत्या.

"तुले सांगतलं होतं ना वं, पाय लांब ठेव म्हणून? काहून मुडपला?" बारशाच्या दिवशी आल्यागेल्यांसमोर त्या म्हणाल्या. "आता पोरीनं जलमभर भोगाचं."

शेजारची एक बाई पाळण्यात वाकून म्हणाली, "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, ते असं." ती हसत होती. मी तिला पेढा दिला नाही. माझे यजमान ओट्यावर पेपर वाचत बसले होते, आणि त्यांनी त्या दिवशी तो पेपर किती वेळा वाचला ते त्यांनाच माहीत.

मला राग येत होता तो सगळ्यांचा, पण सगळ्यात जास्त महालक्ष्मीचा. आमच्याकडे भादव्यात महालक्ष्म्या बसतात, थोरली आणि धाकटी अशा दोघी. माहेरीही बसायच्या. परकर नेसायच्या वयापासून मी तिच्यासाठी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पावलं काढली आहेत. सूर्य कोणी झाकला, सावली कोणी पाडली, आणि शिक्षा कोणाला? मी रोज दिवा लावायचे आणि रोज तिच्याशी भांडायचे. त्याला भक्ती म्हणायचं का, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

धंतोलीत एक हाडांचे डॉक्टर होते, तिथे मी चिंगीला घेऊन गेले. त्यांनी तिचं पाऊल तळहातावर घेतलं, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "ग्रहण पाळणाऱ्यांच्या घरी पण अशी लेकरं होतात बाई, न पाळणाऱ्यांच्याही होतात. तुमची काही चूक नाही." मी तिथेच रडले. मग ते समजावून सांगू लागले. एवढ्या लहान पायातली हाडं अजून पुरती हाडं नसतात, कानाच्या वरच्या कडेसारखी मऊ असतात, म्हणून आत्ताच वळवता येतात. "घोट्याच्या आत एक हाड आहे. सगळ्या शरीराचा भार पायाच्या नळीतून त्याच्यावर येतो. पण गंमत अशी की त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. स्वतःहून ते काहीच हलवू शकत नाही. खालचं टाचेचं हाड, पुढची हाडं जशी सरकतील तसं ते फिरतं. आपण त्या शेजाऱ्यांना हळूहळू जागेवर आणायचं."

तेव्हापासून दर आठवड्याला धंतोलीची वारी सुरू झाली. डॉक्टर पाऊल थोडंसं बाहेर वळवायचे आणि मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घालून ते तिथेच धरून ठेवायचे. पुढच्या खेपेला सकाळी घरीच कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय भिजवून प्लास्टर सोडायचं आणि लगेच रिक्षाने निघायचं. मधे सुटं ठेवायचं नाही, हे त्यांनी मला दहादा बजावलं होतं. पाऊल मोकळं राहिलं तर पुन्हा आत वळेल, मिळवलेलं सगळं जाईल, आणि मग चिरफाड करावी लागेल. मी हे घरात प्रत्येकाला सांगितलं होतं. श्रावण संपेपर्यंत तळवे एकमेकांकडे बघायचे थांबले होते. वळण बरंच बाकी होतं, पण पाऊल बाहेर यायला लागलं होतं.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळी मी सोळा भाज्या आणायला बाजारात गेले. परत आले तो आंगणात घमेलं, त्यात पांढरा चिखल, आणि चिंगी पाटावर तेल लावून न्हालेली. पाय मोकळे. नवं झबलं घातलेलं.

"देवीपुढं लेकरू असं बांधून ठेवतेत का वं?" सासूबाई म्हणाल्या. "उद्या पंगतीले सारं गणगोत येईन. तीन दिवस जाऊ दे, मंग बांधजो."

मी यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "जाऊ दे ना, सणावाराचे दिवस आहेत."

सासूबाईंना निदान देवीचा धाक होता. यांना कशाचा होता? मी भाज्यांची पिशवी तिथेच उलटी केली. भोपळा गडगडत तुळशीपाशी गेला. तिथे दोन्ही मुखवटे घरात घेण्यासाठी मांडून ठेवले होते. मी त्यांच्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "या घरात येऊ नको. आलीस तरी मी तुला घेणार नाही." सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. मी चिंगीला पदरात घेतलं आणि रिक्षा थांबवली.

दवाखान्याला कुलूप होतं. सणाची सुट्टी, आणि हे मला वाटेत सुचलंही नव्हतं. मी मुठीने दार बडवलं. आत कोणी नाही हे कळत होतं, तरी बडवत राहिले. शेवटी हात दुखला तेव्हा पायरीवर बसले.

"अवं, कोणाले बडवून राहिली? डॉक्टर आज नाही येत."

समोरच्या फाटकात एक बाई उभी होती. माझ्याहून बरीच मोठी, ठसठशीत कुंकू, आणि उजवी मूठ तांदळाच्या पिठाने पांढरी झालेली. फाटकापासून घराच्या पायऱ्यांपर्यंत ती पावलं काढत होती. आमच्याकडे ती अशीच काढतात. ओल्या पिठात मूठ बुडवून तिची कड जमिनीवर टेकवायची, आणि वर बोटाने ठिपके द्यायचे. ती रस्ता ओलांडून माझ्यापर्यंत आली.

"एकटीच हायेस? सवाष्ण आहे नं तू? मी सकाळपासून फाटकात उभी आहो," ती म्हणाली. "माह्या जावेले अडचण आली. थोरलीले मी घेईन, पण धाकटीले घ्याले सवाष्ण नाही. मी म्हणलं, माय, आता तूच पाह्य. अन् तू येऊन दार बडवत बसली."

मला तिचा गोड आवाजही सहन होईना. मी म्हणाले, "मी हात लावणार नाही तुमच्या देवीला. आधी माझ्या लेकीचे पाय बघा." आणि दुपटं सोडलं.

तिने पाहिलं. नर्सने फिरवलं तसं तोंड फिरवलं नाही. चिंगीला माझ्या हातातून उचललं, फाटकाशी नेलं आणि खाली बसून तिचं उघडं पाऊल एका ओल्या पावलावर अलगद टेकवलं. आतल्या बाजूला तीच वळलेली खोलगट कड. पिठाचं पाऊल झाकलं गेलं, बोटांचे ठिपके तेवढे पुढे राहिले.

"हे पाह्य," ती म्हणाली. "मी आजवर लक्ष्मीची पावलं अशीच काढत आली. आत वळलेली. कोणी म्हणलं का मले, का ही लक्ष्मी लंगडी आहे म्हणून?"

इतकी वर्षं ती पावलं मीही काढली होती, आणि मला कधी दिसलं नव्हतं.

"पण पोरीले चालाचं आहे," ती उठत म्हणाली आणि घराकडे ओरडली, "अहो, डॉक्टरले घरी फोन लावा! म्हणावं, लक्ष्मी दवाखान्याच्या पायरीवर बसून आहे, कुलूप उघडा."

मग मी धाकटीला घेतलं. एका खांद्यावर चिंगी, दुसऱ्या हातात सुपातला मुखवटा. उंबऱ्याआतून त्या बाईंची मुलगी विचारत होती, "कोण आलं?" आम्ही म्हणालो, "लक्ष्मी आली." "कशाच्या पावलांनी आली?" "सोन्याच्या पावलांनी आली." मागच्या खोलीत त्या बाईंचे यजमान टेलिफोनवर "हॅलो, हॅलो" करून घसा फोडत होते. सकाळी जिला मी माझ्या घरात येऊ नको म्हटलं होतं, तिला मी परक्या घरात घेऊन चालले होते. माझा राग गेला नव्हता, तोही माझ्याबरोबर उंबरा ओलांडून आत आला. तिने त्याला बाहेर थांब म्हटलं नाही.

डॉक्टर आले, घरच्या कपड्यांत. मला खूप बोलले, आणि ते मी ऐकून घेतलं. पाऊल थोडंच मागे गेलं होतं. "तीन दिवसांनी आणली असती तर हात जोडले असते मी," ते म्हणाले. नवं प्लास्टर झालं. त्या बाईंनी माझी ओटी भरली. मी नाव विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आजच्या दिवशी तुहं नाव मी इचारलं का?"

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि मुखवटे अजून तुळशीपाशीच होते. सासूबाई म्हणाल्या, "तुह्यासाठी थांबलो." मी म्हणाले, "मी आज एकदा आणली आहे. ही तुम्ही आणा. आणि या प्लास्टरला पुन्हा कोणी पाणी लावलं तर मी आणि चिंगी या घरात दिसणार नाही." हे मी यजमानांकडे बघून म्हटलं. पुढच्या आठवड्यापासून रिक्षात ते माझ्या शेजारी बसायला लागले.

पुढे टाचेमागची शीर थोडी मोकळी करावी लागली. मग लाकडी पट्टीला जोडलेले बूट आले आणि त्या बुटांची रडारड आली. ते सगळं सांगत बसत नाही. समर्पण म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मला पोथीतलं काही आठवत नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं ते हाड आठवतं. स्वतःचं बळ काहीच नाही, सगळा भार अंगावर, आणि तरी ते शेजाऱ्यांच्या आधाराने फिरतं. त्या दिवशी मी तशी होते. मला वळवणारे हात कोणाचे होते, याचा वाद मी घालत नाही. फक्त नमस्कार करते, आणि राग आला तर रागासकट करते.

पुढच्या भादव्यात पावलं मी काढली. मुखवटा हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिले तर चिंगी माझं बोट सोडून पुढे निघाली. पाय फाकवून, डुलत, पण तळवे पुरते जमिनीला टेकवून, ओल्या पिठाच्या पावलांवर पाय देत ती आत गेली. सगळी रांग तिने फिसकटून टाकली.

आतून सासूबाईंनी विचारलं, "कशाच्या पावलांनी आली?"

"आपल्या," मी म्हणाले. "आपल्या पायांनी आली."

मग सासूबाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी उंबऱ्याशी येऊन, चिंगीच्या पायांकडे बघत, आणि मी तेच उत्तर पुन्हा दिलं.